ब्राझीलला जाण्याचा माझा सरळ रस्ता

बहरीनमध्ये मला लोक 'एम्बसी' म्हणत. हे नाव मी स्वतः ठेवलं नव्हतं. पण कोणी तशी हाक मारली की मी ज्या ऐटीत मान वळवून 'बोला' म्हणायचो, त्यावरून माझी काही हरकत नव्हती हे कोणालाही कळलं असतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मनाम्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मसाल्याच्या दुकानांमागच्या गल्लीत, एका ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं लिहायचो. तेव्हा तिकीट हातानंच लिहायचं असे. बोटांना लाल कार्बन लागलेला असे आणि तो मी मुद्दाम नीट धूत नसे; जेवायला बसलो तरी हा माणूस विमानाच्या कामातला आहे हे चारचौघांना दिसावं म्हणून. एरवी काम काय, तर बहरीन ते मुंबई आणि मुंबई ते बहरीन. चिपळूणचा सुतार, वसईचा हॉटेलातला कॅप्टन, सगळे त्याच फेरीतले. पण आपल्या माणसांना व्हिसा, एन.ओ.सी., पासपोर्टाची मुदत अशा शब्दांची भीती फार. ती भीती घेऊन ते माझ्याकडे येत आणि मी ती, वैद्यानं नाडी धरावी तशी, दोन बोटांत धरून बघे.

ऑफिसात नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. कुठल्या देशात जायला काय लागतं ते सगळं त्यात असे आणि दर महिन्याला नवी प्रत येई. माझा नियम एकच होता: गिऱ्हाइकासमोर ते उघडायचं नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी किंवा गेल्यावर चोरून बघायचं, पण समोर असताना छताकडे बघत, डोळे बारीक करून, आठवल्यासारखं सांगायचं. बघून सांगणारा कारकून असतो. न बघता सांगणारा तो एम्बसी.

अशा या एम्बसीकडे एका सकाळी सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे वसईच्या एक नर्स. पंधरा वर्षं बहरीनच्या हॉस्पिटलात, राहायला बुसैतीनच्या क्वार्टर्समध्ये. सगळी मराठी माणसं त्यांना सिस्टरच म्हणत, हिंदू काय अन् ख्रिश्चन काय. कमी बोलणाऱ्या बाई. खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, मला ब्राझीलला जायचंय."

मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला.

हकिगत अशी. त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर खलाशी होता. ब्राझीलच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं, हा तिथे चार महिने अडकला आणि मग तिथेच राहिला. आता तिथल्याच मुलीशी लग्न ठरलं होतं. आईवडील दोघंही लवकर गेलेले. अकरा वर्षांनी लहान असलेल्या या भावाला सिस्टरनीच वाढवलं होतं.

"आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं," त्या म्हणाल्या. "वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी काढून आणायचं, त्यानं नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं. आई नाही, म्हणजे ते माझ्याकडे आलं. आमच्या विहिरीचं पाणी मी बाटलीतून मागवून घेतलंय. तिथे विहीर कुठून आणणार?"

"छान!" मी म्हणालो.

"छान काय, भाऊ. मी आधी या लग्नाला नको म्हटलं होतं. दोन पत्रं फार कडक लिहिली. मुलगी परकी, भाषा कळत नाही, काय काय लिहिलं मी. आता लग्नाला जाऊन उभी राहिले नाही तर तो समजेल, मी मनातून अजून रागावलेय. तो तसाच आहे. एकदा धरलं की सोडत नाही."

"सिस्टर," मी छताकडे बघत म्हणालो, "तुम्ही लग्नाला पोहोचलात म्हणून समजा. इंशाल्ला नाही, नक्की."

तिथून पुढे महिनाभर मी जे केलं ते, खरं सांगतो, उत्तम केलं. शेवटची गोष्ट सोडून. त्या काळी आपल्या पासपोर्टात कुठल्या देशांत जायला परवानगी आहे त्याची यादी हातानं लिहिलेली असे. आम्हा सगळ्यांच्या पासपोर्टांत आखातातलेच देश. सिस्टरचा पासपोर्ट उघडल्याबरोबर मी बोट ठेवलं: "यात ब्राझील कुठाय? व्हिसा मिळाला तरी आपलेच लोक अडवतील." भारतीय वकिलातीत जाऊन ते नाव लिहून आणवलं. बहरीनमध्ये ब्राझीलची वकिलात नव्हती, म्हणून पासपोर्ट शेजारच्या देशात पाठवला. भावाचं बोलावणं, हॉस्पिटलचं रजेचं पत्र, बहरीनमध्ये परत यायचा शिक्का, चार फोटो, परतीच्या तिकिटाची हमी. व्हिसा आला. पानभर, रंगीत, झोकदार. तो मी सिस्टरच्या आधी माझ्या रूमपार्टनरला दाखवला. तो खेडचा, बुदैयाला एका अरबाच्या घरी ड्रायव्हर.

"काय रे एम्बसी," तो म्हणाला, "एवढा व्हिसा काढलास तर तूच का जात नाहीस?"

"मी गेलो तर तुम्हाला कोण पाठवणार?"

इतकं सगळं झालं आणि मग मला रस्ता सुचला.

ब्राझीलला जाणारे सगळे युरोपातून जात. लंडन किंवा तसंच एखादं शहर, तिथून पुढे. ऑफिसच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी पुड्या बांधायचा दोरा घेतला, एक टोक बहरीनवर धरलं, दुसरं ब्राझीलवर. दोरा आफ्रिकेवरून सरळ गेला. मग लोक वर लंडनला चढून पुन्हा खाली का उतरतात? मला वाटलं, हे आजवर कोणाच्या लक्षातच आलं नाही. वेळापत्रकं चाळली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका शहरातून ब्राझीलला विमान होतं. तिथे सहा तास थांबायचं, विमान बदलायचं, बस. सिस्टरना मी तो दोरा धरून दाखवला.

त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. मग पर्समधून लसींचं पिवळं पुस्तक काढलं. तेव्हा ते पासपोर्टाइतकंच महत्त्वाचं असे. कॉलऱ्याचं पान, देवीचं पान, पीतज्वराचं म्हणजे यलो फीव्हरचं पान.

"भाऊ, कॉलरा आहे, देवी आहे. पीतज्वराचं पान कोरं आहे. आफ्रिकेतून जायचं तर हे लागेल ना? टोचल्यावर दहा दिवसांनी ते चालू होतं. आज टोचून घेतलं तर बरोबर बसतंय."

मी पुस्तक घेतलं, दोन शिक्के बघितले आणि मिटलं. त्या वेळी समोर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक वसईचे, एक संगमेश्वरचे. नियमांचं पुस्तक माझ्या हाताशी, तीन वितींवर होतं. मी छताकडे बघितलं.

"बहरीनमधून जाणाऱ्याला ब्राझील पीतज्वराचं विचारत नाही. सिस्टर, सुया टोचणं तुमचं काम, नियम आमचं."

बसलेले दोघे हसले. सिस्टर हसल्या नाहीत, पण पिवळं पुस्तक त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं: बहरीनमधून येणाऱ्यास नाही. फक्त ते वाक्य तिथे संपत नव्हतं. पान उलटलं की पुढे होतं: परंतु खालील देशांतून आलेल्यांस अनिवार्य. आणि खाली आफ्रिकेतल्या देशांची यादी. माझा दोरा ज्या शहरावरून गेला होता तो देश त्या यादीत वरून चौथा. मी पान उलटलं नव्हतं.

सिस्टर निघाल्या. रूमपार्टनरनं अरबाची गाडी आणली, मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला मीही गेलो. लाल काठाची साडी, केसांत फूल, हातात पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मी त्यांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि त्याबद्दल आभार मानून घेतले.

चौथ्या दिवशी दुपारी त्या ऑफिसात माझ्यासमोर उभ्या होत्या.

मला आधी वाटलं, भास. मग टॉवेलात गुंडाळलेली बाटली दिसली.

"तिथल्या काउंटरवर पिवळं पुस्तक मागितलं," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "पान कोरं. विमानात बसू दिलं नाही. दोन रात्री तिथे ठेवलं आणि परत पाठवलं."

आता मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण माझ्या तोंडून आलं ते असं: "सिस्टर, तुम्ही नर्स असून—"

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नकाशाकडे बघितलं. दोरा अजून तिथे टाचणीला लटकत होता. मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे.

लग्नाला तीन दिवस होते. मी धावपळ केली. लंडनवरून जागा होती. पण आता पासपोर्टावर त्या देशाचा शिक्का पडला होता. तिथून निघाल्याला सहा दिवस झाले नसतील तर पिवळ्या पानाशिवाय कुठल्याही रस्त्यानं प्रवेश नाही. म्हणजे आधी जिला कोणीच काही विचारलं नसतं, तिच्यावर मीच शिक्का मारून आणला होता. या वेळी मी नियमांचं पुस्तक सगळ्यांसमोर उघडलं, दोन्ही बाजूंनी वाचलं. फार उशीर झाला होता.

भावाला तार करायची होती. ती मी लिहिली. 'लसीची कागदपत्रे अपुरी. येणे अशक्य. आशीर्वाद.' कागदपत्रं कोणामुळे अपुरी, हे त्यात नव्हतं. तार थोडक्यात लिहायची असते, असं मी स्वतःला समजावलं.

खरी लाज यापुढची आहे. चूक कोणाचीही होते. पण शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मासची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात सगळे वसईकर जमायचे आणि मी हिंदू असलो तरी धंद्यासाठी तिथे हजर असायचो. त्या शुक्रवारी तिथे एकच विषय होता. मी पोहोचलो तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "नर्स बाई स्वतःचं इंजेक्शन विसरते? पटतं का?" दुसरा म्हणाला, "मुलगी पसंतच नव्हती तिला. मनात असतं तर पोहत गेली असती." मग माझ्याकडे वळून: "काय एम्बसी, तुम्हाला खरं माहीत असणार."

मी छताकडे बघितलं. आवारात छत नव्हतं, आकाश होतं.

"आता काय बोलायचं," मी म्हणालो. "आम्ही कागद बघतो, आरोग्याचं ज्याचं त्यानं बघायचं."

रात्री खोलीवर रूमपार्टनर तर भात ढवळता ढवळता हसत होता. "दुसऱ्यांना पंधरा वर्षं टोचते आणि स्वतः सुईला घाबरली, बघ!" मी त्याच्याबरोबर हसलो. जोरात नाही, पण हसलो.

तीन आठवड्यांनी सिस्टर पत्र घेऊन आल्या. भावाचं. एक ओळ त्यांनी बोटानं दाखवली: 'तुला ती पसंत नव्हती हे सरळ लिहायचं होतंस, ताई. जन्मभर लोकांना सुया टोचणारी बाई स्वतःची सुई विसरली, हे मी हिच्या घरच्यांना कसं सांगू? यापुढे पत्र पाठवू नकोस.'

"मी दोनदा लिहिलं, चूक ट्रॅव्हलवाल्याची आहे म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "त्याला वाटतं मी बहाणे करतेय. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही लिहा."

मी लगेच टाइपरायटर ओढला. ऑफिसचा छापील कागद, वर विमानाचं चित्र. इंग्रजीत असं पत्र टाइप केलं की त्याला टाय घातल्यासारखं वाटावं: प्रवासाच्या नियमांमध्ये असलेल्या काही अनपेक्षित बाबींमुळे प्रवासी महिलेची गैरसोय झाली, त्याबद्दल ही संस्था खेद व्यक्त करते. खाली सही, शिक्का. वाचून दाखवलं.

सिस्टरनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला.

"यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

मी सहीवर बोट ठेवलं. त्यांनी कागद परत दिला.

"त्याच्या चर्चच्या ऑफिसात फोन आहे. तार करते, येत्या शुक्रवारी तिकडच्या सकाळी दहाला तिथे थांब म्हणून. आपले दुपारचे चार. तुम्ही टेलिफोन ऑफिसात या. तोंडानं सांगा."

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. आजारी पडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शुक्रवारी रूमपार्टनरनंच आम्हाला गाडीनं नेऊन सोडलं. त्याला काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, बहीण भावाशी बोलणार एवढंच माहीत. टेलिफोन ऑफिसात लाकडी केबिनींची रांग होती. नाव-गाव लिहून द्यायचं आणि बाकावर बसायचं. पाऊण तास बसलो. सिस्टर रोझरीची माळ फिरवत होत्या. मी बोटांवरचा कार्बन खरवडत होतो.

"ब्राझील! केबिन तीन!"

आम्ही दोघंही आत शिरलो. दोघांना जेमतेम जागा. सिस्टरनी रिसीव्हर उचलून थेट माझ्या हातात दिला.

लाइन अशी होती की आपण बोललेलं एका सेकंदानं आपल्यालाच परत ऐकू येई, मग पलीकडचं उत्तर.

"हॅलो! मी बहरीनमधून बोलतोय. तिकडे हवा कशी आहे?" मी ओरडलो.

"...हवा कशी आहे?" माझाच आवाज मला विचारत परत आला. लागलीच खरखरीत पुरुषी आवाज: "कोण बोलतंय?"

"मी ट्रॅव्हल एजन्सीतून. तुमच्या ताईंच्या प्रवासाबाबत. त्याचं काय झालं, नियम जरा गुंतागुंतीचे होते—"

"...नियम जरा गुंतागुंतीचे होते." स्वतःची थाप स्वतःच्या कानात, एक सेकंद शिळी होऊन आलेली, मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. किती गुळगुळीत वाटत होती. सिस्टर माझ्यापासून वीतभर अंतरावर होत्या आणि काचेतून बाहेर बघत होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "ताईंनी विचारलं होतं. इंजेक्शन लागेल का म्हणून, मला विचारलं होतं. टोचून घ्यायला तयार होत्या. दहा दिवस हातात होते. मी नको म्हणालो. पुस्तक न बघता. लोकांसमोर शहाणपणा दाखवायला. तारही मीच लिहिली. मुद्दाम तशी लिहिली."

"...मुद्दाम तशी लिहिली," माझा आवाज म्हणाला.

आणि एकदम तो सुरू झाला. मेल्या, गाढवा, तुझ्या तिकिटाला आग लागो. हिच्या आईनं चाळीस माणसांना सांगून ठेवलं होतं नवऱ्याची ताई येणार म्हणून. माझ्या डोक्यावर कोणा परक्या बाईनं पाणी घातलं, मेल्या, तुझ्यामुळे. असं बरंच. मी रिसीव्हर कानापासून दूर केला नाही, पण आवाजच इतका होता की केबिनभर ऐकू येत होतं. ऐकता ऐकता सिस्टरनी तोंडाला पदर लावला. रडताहेत असं मला वाटलं. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"दे तिला फोन!" तो ओरडला.

मी दिला आणि बाहेर आलो.

काचेतून दिसत होतं. आधी त्या नुसत्या ऐकत होत्या. मग दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून बोलायला लागल्या, भरभर. एवढं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. नंतर कोणीतरी दुसरं फोनवर आलं असावं, कारण त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश म्हणू लागल्या आणि हातवारे करू लागल्या, जसं काही समोरच्याला दिसणारच आहे. भावजय असावी.

बाहेर आल्या तेव्हा नाक लाल झालेलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नाताळला ये म्हणाला."

मला एकदम हुरूप आला. "सिस्टर, तिकीट माझ्याकडून. लंडनवरून. उद्याच बघतो, आधी इंजेक्शन, सगळं—"

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तो माझ्याशी बोलला. मी तुमच्याशी अजून बोलत नाहीये."

आणि गाडीकडे चालू लागल्या. त्या मागे बसल्या, मी पुढे. गाडी मुहर्रकच्या पुलावर आली. दोन्हीकडे समुद्र. रूमपार्टनरला गप्प बसवत नाही.

"काय एम्बसी, काय म्हणतंय ब्राझील? सिस्टर, भावानं माफ केलं ना? सुईचं एवढं काय मनावर घ्यायचं, होतं माणसाकडून."

आरशात सिस्टर दिसत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काही मागतही नव्हत्या. हे मला फोनवर सांगून संपलं असं वाटत होतं. ते अर्धंच होतं. ब्राझीलमध्ये मला ओळखणारं कोणी नव्हतं. इथे सगळे होते, आणि हा गाडी चालवणारा माणूस म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळं बहरीन.

"सिस्टर विसरल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मी नको म्हणालो होतो."

आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोरा, पिवळं पुस्तक, न उलटलेलं पान, बसलेली दोन गिऱ्हाइकं, चर्चच्या आवारात मी काय बोललो ते. पूल संपला तरी मी सांगतच होतो. बुसैतीनच्या वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली, थांबवली.

"म्हणजे," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी रोज रात्री भात ढवळताना सिस्टरना हसत होतो, आणि तू बाजूला बसून ऐकत होतास?"

"हो."

"माझ्याबरोबर हसत होतास."

"हो."

त्यानं मागे बघितलं. मग पुन्हा पुढे वळला; मोठा तगडा माणूस, स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत बसला. माझे तर कान असे तापले होते की खिडकी उघडावी तर बाहेरची हवा त्याहून गरम.

शेवटी मागून सिस्टरच बोलल्या, त्याला, मला नाही.

"यल्ला, चला आता. सहाला माझी ड्यूटी आहे."